शून्य पौंड, शून्य पेन्स

"या महिन्यात तुम्हाला मिळणारी रक्कम : 0.00 पौंड." दशांश चिन्हापुढची ती दोन शून्यं मला जास्त लागली. पौंड नाहीत, ठीक आहे. पण पेन्ससुद्धा चाचपून पाहिले आणि तेही नाहीत, हे इतकं ठणकावून सांगायची काय गरज होती?

नोकरी माझी गेली. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिटच्या, म्हणजे बेकार आणि कमी कमाईवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याच्या लेखी मात्र ती एकट्याची जात नाही, जोडप्याची जाते. आणि जोडप्यातल्या एकाची शाबूत असेल तर बहुधा गेलीच नाही असं धरतात. 2025-26 च्या दराने दोघांपैकी एक जण पंचविशीच्या पुढचा असेल तर जोडप्याला महिना 628.10 पौंड. त्यातून, कमावणाऱ्याच्या हातात पडणाऱ्या दर पौंडामागे 55 पेन्स कापायचे. मूल असेल किंवा आजारपणामुळे काम झेपत नसेल तर पगाराचा पहिला काही भाग सोडून देतात. आमच्याकडे दोन्ही नाही. घर कर्जाचं, म्हणून भाड्याचा भागही नाही. बायकोच्या हातात 1,650 येतात, त्याचे 55 टक्के 907.50. म्हणजे 628 मधून 907 वजा. वरचे 279 पौंड त्यांनी आमच्याकडे मागितले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. आमच्यासारख्यांचा पगार हातात 1,142 च्या वर गेला की खेळ खलास.

आणि हे शून्य मिळवायला बायकोला स्वतःचं खातं उघडावं लागलं, कोड टाकून ते माझ्या खात्याला जोडावं लागलं आणि कामाविषयीचं करारपत्र स्वतः मान्य करावं लागलं. एकाने जरी मान्य केलं नाही तरी दोघांचा क्लेम बाद. कामावर असलेल्या बाईने कामाबद्दल वचन द्यायचं, तेही रात्री अकरा वाजता, पासवर्ड विसरून.

तर परवा भत्त्यांच्या कार्यालयात दुसऱ्या एका भत्त्याच्या (त्याबद्दल पुढे) क्लेमच्या मुलाखतीसाठी बसलो होतो. बायकोशी फोनवर मराठीत बोललो आणि फसलो. शेजारच्या खुर्चीतले काका वळले. मांडीवर प्लॅस्टिकच्या कप्प्यांची जाडजूड फाईल.

"लग्न झालंय?"

"झालंय."

"चूक केलीत. बायको नोकरी करते?"

"करते."

"दुसरी चूक. आता एकच उपाय. वेगळे व्हा."

"काका, अहो..."

"घर सोडायचं नाही हो! त्याच घरात वेगळं व्हायचं. भांडण झालंय म्हणून सांगा."

"पण झालं नाहीये."

"हा शून्याचा कागद घरी दाखवा, जेवणापर्यंत होईल. बरं, स्वयंपाक कोण करतं?"

"सध्या मीच."

"बंद. तुमची भाजी तुमची, तिची तिची. कपडे धुवायचे वार वेगळे. फ्रिजमध्ये वरचा कप्पा तिचा, खालचा तुमचा. आणि दुधाच्या बाटलीवर नाव."

"दुधावर?"

"मार्करने. साहेब पहिलं दूध बघतो." इथे त्यांनी आवाज खाली आणला. "चहा मात्र अवघड. एका आधणात दोन कप झाले की संसार सिद्ध होतो."

"तुम्ही केलंय हे?"

"मी पेन्शनर माणूस. पुतण्यासाठी येतो."

"मग पुतण्या वेगळा राहतो बायकोपासून?"

"त्याचं लग्न व्हायचंय अजून. पण दुधावर नाव घालायची सवय आत्तापासून लावलीय."

हसू येतं, पण काकांनी अभ्यास केलेला होता. एका छपराखाली राहून खरोखर विभक्त झालेले लोक असतात आणि त्यांना एकट्याने क्लेम करता येतो. तेव्हा स्वयंपाक कोणाचा, धुणं कोणाचं, पैसे कोण कोणाला देतं, हे सगळं विचारतात. पण खोटं सांगितलं तर तो गुन्हा. दिलेले पैसे वसूल होतात आणि खटलाही होऊ शकतो.

शिवाय ही कला जुनी आहे. 1931 साली इथे घरच्या मिळकतीची झडती घेणारी 'मीन्स टेस्ट' आली. बाप बेकार असला तरी कमावत्या पोराचा पगार मोजून बापाचा भत्ता कापायचे. मग पोरं खोली घेऊन बाहेर राहायला जायची, बापाला भत्ता मिळावा म्हणून. ती सगळ्या घराची झडती 1941 मध्ये गेली. पोरं सुटली, नवराबायको अजून एकाच ताटात.

माझा खरा राग शून्यावर नाहीच. दुसरा दरवाजा होता आणि तो मला पाच आठवडे उशिरा दिसला, यावर आहे. न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स, म्हणजे हप्त्यांवरचा बेकारी भत्ता. मागच्या दोन-तीन वर्षांत नोकरदार म्हणून नॅशनल इन्शुरन्सचे, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विम्याचे, पुरेसे हप्ते गेले असतील तर 2025-26 च्या दराने पंचविशीच्या पुढच्याला आठवड्याला 92.05 पौंड, जास्तीत जास्त 182 दिवस. बायको काय कमावते, बँकेत किती आहे, कोणी विचारत नाही. स्वतःच्या धंद्यातून भरलेले हप्ते सहसा चालत नाहीत. पहिले सात दिवस कोरडे. पैसे दोन आठवड्यांनी येतात, पण ते करपात्र असतात. व्हिसावर 'सरकारी निधी नाही' असा शिक्का असला तरी हा हप्त्यांवरचा भत्ता त्या निधीत मोडत नाही. आपले कित्येक लोक शिक्का बघूनच घरी बसतात. दोन्ही क्लेम एकदम टाकता येतात, फक्त युनिव्हर्सल क्रेडिटमधून हा भत्ता पौंडाला पौंड वजा होतो. आमचं शून्यातून काय वजा होणार होतं? पाच आठवड्यांचे 460 पौंड गेले ते गेले. मागच्या तारखेपासून मागायचे तर ठोस कारण लागतं, आणि 'माहीत नव्हतं' हे त्यांना ठोस वाटेल अशी आशा मला नाही.

हप्ते कमी पडून हा भत्ता नाकारला, तरी फक्त इन्शुरन्सच्या क्रेडिट्ससाठी, म्हणजे न भरताही हप्ता भरल्याच्या नोंदीसाठी, नाव नोंदवता येतं. पूर्ण सरकारी पेन्शनला 35 वर्षं भरावी लागतात, त्यात भोक नको.

ज्यांना युनिव्हर्सल क्रेडिटमधून थोडंफार मिळतं त्यांनी कमावत्याचा पगार कधी जमा होतो तेही बघावं. दर चार आठवड्यांनी होत असेल तर वर्षात तेरा पगार, म्हणजे एका महिन्यात दोन पडतात आणि तो महिना आपटतो. कमावत्याने स्वतःच्या पेन्शनमध्ये जास्त टाकलं तर तेवढं उत्पन्न धरत नाहीत. हे मात्र काकांच्या फाईलमध्येही नव्हतं.

आणि एक सल अजून आहे. कापायचं असतं तेव्हा लग्नाचा दाखला कोणी मागत नाही, नुसते जोडप्यासारखे एकत्र राहता एवढं पुरतं. पण बेकार जोडीदाराची 1,260 पौंडांची करमाफी दुसऱ्याच्या नावावर करून वर्षाला 252 पौंड वाचवायचे म्हटले, की तिथे लग्न किंवा नोंदणीकृत सहजीवनच लागतं. म्हणजे घेताना जोडपं चहाच्या आधणावर ठरतं आणि देताना कागदावर.

इतक्यात माझ्या आडनावाचं काहीतरी झालेलं ऐकू आलं. उठलो. काका मागून म्हणाले, "मार्कर पक्का घ्या हो, न पुसणारा. फ्रिजमध्ये ओल असते."