गवळण, घागर आणि ड्रिंक्स ब्रेक

दिवाळीचा किल्ला मुलं करतात, ही एक अफवा आहे. मुलं हुकूम करतात. माती, विटा आणि पोती चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत चढवतो तो बाप.

यंदा हुकूम करणारे दोघे होते. आमची सई आणि समोरच्या फ्लॅटमधला ओम. सई कमी बोलते, पण तिचं सगळं नकाशाबरहुकूम लागतं. तिने राजगड ठरवला. मध्ये बालेकिल्ला, बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, आणि सुवेळेला आरपार नेढं. ते नेढं चमच्याने कोरायचं काम अर्थातच माझं. ओमला क्रिकेटपलीकडे जग नाही आणि आवाजाला बटण नाही.

"काका, तोफ मिडविकेटला ठेवू?"

"ती पद्मावती माची आहे," सई.

"तेच म्हणतोय मी."

चित्रं आणायला गेलो तर ओमने मोजून अकरा मावळे घेतले. डोक्यावर घागर घेतलेली गवळण त्याने तटाबाहेर उभी केली. ड्रिंक्स ब्रेकसाठी. हळीव पेरताना त्याने मधोमध एक पट्टा कोरा ठेवला, पिच म्हणून. आता युद्ध पेटणार म्हणून मी पुढे सरसावलो, तर सईने तो पट्टा नीट न्याहाळला आणि "पाली दरवाजाची वाट" अशी चिठ्ठी टोचून दिली. दोघेही खूश.

तरी दिवसभर वाद चालूच. शेवटी कंटाळून मी म्हटलं, दोन वेगळे किल्ले करू या का? दोघांनी एकदम माझ्याकडे अफझलखानाच्या वकिलाकडे बघावं तसं पाहिलं. मला तर वाटायचं, मैत्रीला आवडीनिवडी जुळाव्या लागतात. मी आणि माझे मित्र तर तेवढ्यावरच टिकून आहोत. मिसळ बंद झाली तर एकमेकांना ओळखही देणार नाही.

"राज्याभिषेक इथेच झाला ना?" ओमने विचारलं.

"नाही. रायगडावर, 1674 मध्ये."

"म्हणजे हे होम ग्राउंड नव्हतं?"

"होम ग्राउंड हेच होतं," सई शांतपणे म्हणाली. "आधीची राजधानी. फायनल तिकडे झाली."

पाहुणे आले की सई संजीवनीची दुहेरी तटबंदी समजावते. ओम लगेच पुस्ती जोडतो, "म्हणूनच इथे दोन स्लिप." मागच्या आठवड्यात निवृत्त शिक्षक असलेले एक शेजारी ऐकत होते. जाताना मला हळूच विचारून गेले, स्लिप म्हणजे बुरुजाचा प्रकार का?

पुढच्या वर्षीचा सिंधुदुर्ग आत्ताच पक्का झालाय. ओमला तो हवा, कारण चहूबाजूंनी पाणी. चेंडू पाण्यात गेला की आऊट. सईला हवा, कारण तिला भरती-ओहोटी दाखवायची आहे. खरं पाणी सोडून, रोज दोन वेळा. गॅलरीच्या बरोबर खाली तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पापड वाळत घालतात. त्यांना वेळापत्रक कोणी कळवायचं, यावर मात्र दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं आहे. काकांनी.