‘वाटसरू’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: खडी, डांबर आणि माझी एसी गाडी

वाटसरू,

देशातल्या ६३ लाख किलोमीटर रस्त्यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदाही आलाच. म्हणून लगेच लिहितोय.

आधी चूक कबूल करतो. देशातल्या रस्त्यांची राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण अशी उतरंड लावणारी नागपूर योजना १९४३ची. मी १९४७ लिहिलं होतं, दुरुस्त केलंय. पण त्यासाठी ‘हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं’ म्हणायची गरज होती का? (कुठल्या शाळेत शिकवतात, तेही कळवा.)

आता तुमचं ते वाक्य: ‘६३ लाख किलोमीटरमध्ये नुसत्या खडीचे रस्तेही पक्के धरलेत, एसी गाडीत बसून लिहिणाऱ्याला खडी आणि डांबरातला फरक काय कळणार!’

माझी आई बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मी चार वर्षांचा, लिंबाखाली बसवलेला. संध्याकाळी मुकादम ढिगाचं माप घ्यायचा आणि ते रोज कमीच भरायचं. त्याच खडीचा आमच्या गावचा रस्ता झाला. खडी पसरली, रोलर फिरला, मुरूम टाकून पाणी मारलं, पुन्हा रोलर. त्यावर डांबर पडलं २००६ साली, ग्रामसडक योजनेतून. ती योजनाच मुळी २००० सालच्या डिसेंबरात सुरू झालेली. म्हणजे चौतीस वर्षं आम्ही खडीवर काढली. फरक मला तळपायाला ठाऊक आहे, साहेब.

आणि त्या खडीवरून भर पावसाळ्यात एसटी यायची. त्याआधी आषाढ लागला की बाळंतिणीला खाटेवर घालून न्यायचे. सरकारी तक्त्यात पाणी मारून दाबलेली खडी ‘पृष्ठभाग असलेल्या’, म्हणजे पक्क्या रस्त्यांतच मोजतात, ही काही मी केलेली हातचलाखी नाही. बैलगाडीच्या लोखंडी धावा ती खडी उखडायच्या, दर दोन-तीन वर्षांनी दुरुस्ती लागायची, हेही खरं. मग काय, तो रस्ता नव्हताच म्हणायचं?

डांबरी आणि खडीचे आकडे लेखात वेगळे द्यायला हवे होते, असंही तुम्ही म्हणता. तक्त्यात ते वेगळे असतात, ज्याला हवे त्याने बघावेत. राष्ट्रीय महामार्ग लांबीने जेमतेम दोन-सव्वादोन टक्के असून जवळजवळ चाळीस टक्के वाहतूक ओढतात, हे मी लिहिलंच होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल. टोल आणि खड्ड्यांबद्दल काहीच नाही, असंही म्हणता; तो माझा विषयच नव्हता.

पुढचा लेख देशातल्या रस्त्यांच्या विकासासाठी १९२७ साली नेमलेल्या जयकर समितीवर आहे. सनावळी चुकली तर जरूर कान धरा. गाडीबद्दल मात्र एकदा मे महिन्यात तिच्यात बसून मग बोला. तिचा एसी दोन उन्हाळे झाले, बंद आहे.