भागीचं घोडं, भागीचा प्रिंटर

ऑफिसात कॉम्प्युटर आठ आणि प्रिंटर एक असेल, तर आधी कुंदा वाटा. करमणुकीची सोय घरबसल्या झाली. बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका पतसंस्थेत मी बारा-तेरा वर्षं हिशेब लिहितो. एकदा कॅशियरबाईंचं कॅप्स लॉक बंद करून दिलं, त्या दिवसापासून नेटवर्कही मीच बघतो. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. पाळल्यात तर प्रिंटर जन्मभर पुरेल. छापायला नव्हे, बोलायला.

सुरुवात खरेदीपासून. दुकानदार दोन मॉडेलं दाखवील. एकाला नेटवर्कची केबल थेट लागते, दुसऱ्याला फक्त यूएसबी. पहिलं थोडं महाग. तुम्ही दुसरंच घ्या. वाचलेल्या पैशात संचालक मंडळाचा चहा होतो आणि काटकसरीचा ठराव होतो तो वेगळाच. मग तो प्रिंटर मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये, साहेबांच्याच कॉम्प्युटरला जोडा आणि तिथून सगळ्यांना शेअर करा. साहेबांचं मशीन जागं असेल तरच बाकीच्या सात जणांची प्रिंट निघते. साहेब जेवायला उठले की मशीन झोपतं. साहेब खानापूरला लग्नाला गेले की प्रिंटरही लग्नाला गेला असं समजायचं, कारण केबिनची किल्ली त्यांच्या खिशात. शिवाय दुसऱ्या सोसायटीत नोकरीसाठी लिहिलेला अर्ज साहेबांच्या कोपराशी गरमागरम बाहेर पडतो, ही सोय महागड्या मॉडेलात नाही.

आता नाव. नावाचं महत्त्व बेळगावकराला सांगायला नको. आम्ही शेअरचं नाव इंग्रजीत ‘बेलगाम-एक’ ठेवलं होतं, आणि प्रिंटर त्या नावाला जागला. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या बारा शहरांची इंग्रजी नावं सरकारी कागदावर बदलली, त्यात आमचं शहरही होतं. शिक्के बदलले, लेटरहेड बदललं, आणि एका उत्साही सहकाऱ्यानं प्रिंटरचंही ‘बेलगावी-एक’ करून टाकलं. ते बघून दुसऱ्यानं, कुणाला न सांगता, त्याचं ‘बेळगाव-एक’ केलं. एका दिवसात दोन बारशी झाली. मशीनला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त रस्ता पाठ असतो: अमुक कॉम्प्युटर, त्यावरचं अमुक नावाचं शेअर. नाव बदललं की रस्ता संपला. सातही मशीनवर प्रिंटर नव्यानं जोडत मी संध्याकाळपर्यंत टेबलांमधून फिरत होतो आणि मागून दोघांचा वाद चालू होता. नुसतं ‘हिशेब’ असं नाव ठेवलं असतं तर कुणाचीच अस्मिता दुखावली नसती. पण अशी नावं ठेवू नका, वादाला विषय काय राहणार?

परवानग्यांचं तर विचारूच नका. विंडोज तीन परवानग्या वेगळ्या ठेवतं: छापण्याची, रांगेतले कागद सांभाळण्याची आणि खुद्द प्रिंटर सांभाळण्याची. एवढा विचार करायला वेळ कुणाला आहे? ‘एव्हरीवन’ला तिन्ही देऊन मोकळे व्हा. आमच्याकडे दिल्या. आठवड्यातच वसुली विभागाला शोध लागला की रांगेत आपल्या पुढे असलेल्या माणसाचा जॉब, म्हणजे छपाईचं काम, आपल्याला डिलीट करता येतं. त्यानंतर रेशनच्या रांगेत कधी न दिसलेलं चापल्य आमच्या प्रिंटरच्या रांगेत दिसू लागलं. ‘माझी प्रिंट कुठं गेली की?’ असं हॉलमध्ये कुणी ओरडलं, की वसुलीवाले एकदम फायलीत डोकं घालायचे.

२०२१ साल आठवतंय? त्या वर्षी छपाईची रांग सांभाळणाऱ्या स्पूलर नावाच्या सेवेत मोठं भगदाड सापडलं. त्याला जगानं ‘प्रिंट नाइटमेअर’ म्हटलं. मायक्रोसॉफ्टनं जुलैपासून दुरुस्त्या काढल्या. ऑगस्टच्या दुरुस्तीनंतर शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, घालायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागू लागला आणि सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर गावोगावच्या ऑफिसांत प्रिंटर जोडताना झीरो-एक्स, मग शून्यांची माळ आणि शेवटी ११बी असा एररचा मंत्र उमटू लागला. सगळ्या मशीनवर अपडेट सारखे करून घेणं हा कंटाळवाणा मार्ग. आपण रुळलेला मार्ग धरायचा: अपडेट काढून टाकायचं आणि पुन्हा येऊ नये म्हणून अपडेटच बंद करायचे. दाराचं कुलूप अडखळतं म्हणून दार काढून ठेवलं, की ये-जा किती सोपी होते बघा. आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड? तो मॉनिटरच्या खाली चिकटवलेला असतो, सगळ्यांच्या सोयीसाठी.

यथावकाश नव्या चेअरमनसाहेबांनी नेटवर्कचा प्रिंटर घेतला. मला वाटलं, आता आपला वेळ जाणार कसा? पण राउटर आपल्या बाजूनं आहे. तो ज्याला त्याला पत्ते वाटत असतो. सकाळी प्रिंटरला १९२.१६८.१.२० दिला. दुपारी लाईट गेली, आली, आणि आता तो पत्ता एका संचालकांच्या मोबाइलला मिळाला. आठ कॉम्प्युटर त्या मोबाइलकडे ताळेबंद पाठवताहेत आणि मोबाइल कुणालाच ओळख देत नाही. प्रिंटर बिचारा १९२.१६८.१.२७ वर दिवा लावून बसलेला. राउटरमध्ये शिरून प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कधीही खर्च करू नका. त्यापेक्षा दर वेळी ‘ॲड प्रिंटर’ दाबा. जुनं नाव काढू नका, राहू द्या. मग यादीत त्याच प्रिंटरच्या शेजारी कॉपी १, कॉपी २, कॉपी ३ अशी भावंडं जमतात. त्यातला एकच जिवंत असतो, तो कोणता हे प्रत्येकानं आपापल्या नशिबानं शोधायचं. त्यात भर म्हणून डीफॉल्ट प्रिंटर ठरवायचं काम विंडोजवरच सोपवा. ते शेवटचा वापरलेला प्रिंटर पुढं करतं. काल चुकून कुणी पीडीएफ केलं असेल, तर आज पासबुकाचा उतारा मागणाऱ्या सभासदापुढे ‘फाइल कुठं सेव्ह करू?’ असा प्रश्न उभा राहतो. सभासद काउंटरवर, कागद डाउनलोड फोल्डरात.

आमच्याकडे आणखी एक वैभव आहे, जे पुण्या-मुंबईच्या लोकांना मिळणार नाही. सभेचं इतिवृत्त मराठीत, सहकार खात्याचं पत्र कन्नडमध्ये, आयकराचा कागद इंग्रजीत. कन्नड पत्र ज्या मशीनवर टाइप होतं तिथं नुडीचा जुना फाँट आहे, इतर कुठं नाही. मराठीचीही तीच गत: एका मशीनवर श्रीलिपी, बाकी राम भरोसे. शेअरिंग चालू असेल तर प्रश्नच येत नाही, त्याच मशीनवरून छापायचं. पण शेअरिंग बंद पडलं की फाइल पेनड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर जाते आणि ‘मान्यरे’ म्हणजे ‘महोदय’च्या ऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांची मिसळ छापली जाते. आमच्या शिपाईमामांनी असं एक पत्र न बघता सहकार खात्यात नेऊन दिलं होतं. तिथल्या कारकुनानं ते उलटं-सुलटं बघून शांतपणे सांगितलं, ‘नाळे बर्री.’ म्हणजे उद्या या. पीडीएफ करताना फाँट फाइलच्या आतच बांधून पाठवता येतो, हे मी तेव्हा ऑफिसात सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेनड्राइव्ह.

पावसाळ्यात कागदाचं पुडकं उघडंच ठेवा. बेळगावचा जुलै त्याला नीट मऊ करून देतो, मग दोन-दोन कागद हातात हात घालून आत शिरतात.

आणि रांग अडकली तर? सेवेच्या यादीत जाऊन स्पूलर थांबवायचा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात ‘प्रिंटर्स’ नावाचा कप्पा असतो तो रिकामा करायचा, स्पूलर पुन्हा सुरू करायचा, संपलं. हे कुणाला शिकवू नका, तुमची किंमत कमी होईल. लोकांना त्यांच्या पद्धतीनं करू द्या: प्रिंट आली नाही की पुन्हा दाबायचं. अजून नाही आली? पुन्हा. आमच्या रांगेत एक जॉब सोमवारपासून ‘डिलीटिंग’ म्हणत उभा होता. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्या मानानं सोमवार म्हणजे कालचाच.

तर त्याच आठवड्यात वार्षिक सभेची नोटीस निघायची होती. चार पानी, सही-शिक्क्यासाठी एक प्रत. कॅशियरबाईंनी आपल्या मशीनवरून दाबलं, साहेबांनी आपल्या, वसुलीवाल्यांनी आपापल्या. काही हलेना. शेवटी मी पेनड्राइव्ह खिशात घातला आणि झेरॉक्सच्या दुकानाकडे निघालो. वाटेत ‘दुसरं गेट’ नावाचं रेल्वे फाटक पडलेलं. पलीकडे दुकान दिसतंय, मध्ये मालगाडी, आणि मी स्कूटर बंद करून डबे मोजतोय. तेवढ्यात शिपाईमामांचा फोन.

‘ओ, प्रिंट आली की!’

‘कुणी काय केलं?’

‘कोण काय करतंय. आपलं आपणच सुरू झालं.’

‘बरं, चार पानं बाजूला काढून ठेवा.’

‘चार कुठली ओ, मघापासून येऊल्यात. कागदाचं दुसरं पुडकं कुठं ठेवलंय तेवढं सांगा की.’