पहिल्या प्रयत्नात

काल रात्री चाळीच्या कट्ट्यावर नानांनी पेपर उघडला तेव्हाच कळलं, आज पक्याचा नंबर. नाना पालिकेतून निवृत्त. पेन्शन महिन्याला, उपदेश रोज.

"मुंबई पालिकेचं बजेट 2025-26लाच 74 हजार कोटींच्या वर! आणि ही पोरं म्हणतात, नोकऱ्या नाहीत. कष्ट नकोत, दुसरं काय!"

पक्या चहात पाव बुडवत होता. युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कचेरीत होता, सहाचे अकरा महिने झाले आणि परवा घरी बसला. पदवीधर म्हणून 10 हजार विद्यावेतन, बारावीवाल्यांना 6. काम म्हणाल तर जावक नोंदवही, टपाल, वर रजेवरच्या दोन बाबूंची टेबलं.

"नाना, पहिल्या आठवड्यात मीच साहेबांना एक्सेलमध्ये बेरीज शिकवली. विद्यावेतन खरं तर त्यांनी घ्यायचं, पगार मी."

"अनुभवाचं सर्टिफिकेट मिळालं ना?"

"मिळालं. लॅमिनेट केलंय. आई त्यावर कोथिंबीर निवडते."

"पालिकेची भरती निघाली तेव्हा कुठे होतास?" सुध्याने काडी टाकली.

2024ची, कार्यकारी सहायकांची, म्हणजे लिपिकांचीच. 1,846 जागा, आणि अट काय, तर दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात पास! पक्याची केटी चाळीला पाठ आहे. बोंबाबोंब झाल्यावर अट काढली, पण कॉस्टिंगमध्ये एकदा गचकलेला माणूस जन्माचा दाखला लिहायला नालायक कसा, हे मला अजून कळलेलं नाही.

"त्यांना जागा भरायच्या नव्हत्या," पक्या म्हणाला, "अर्ज कमी करायचे होते."

"केटी लागली कारण परीक्षेच्या आदल्या दिवशी अंडरआर्मची फायनल खेळत होतास," सुध्या. "तीही तूच घालवलीस."

"मी? रनआउट कोणी केलं मला?"

झालं. दहा मिनिटं तो रनआउट चालला. शेवटी नानांनी पेपर आपटला.

"अट रास्तच होती! लिपिकाला शिस्त हवी. आमच्या वेळी..."

"नाना, तुमची दहावी कितव्या प्रयत्नात?"

नाना चष्मा पुसायला लागले. पहिल्या मजल्यावरून कपडे काढता काढता काकू ओरडल्या, "तिसऱ्या! गणित ऑक्टोबरला सुटलं!"

पक्याच्या नाकातून चहा आला. नाना म्हणाले, आजचा चहा त्यांच्याकडून, पण हे गेटबाहेर जाता कामा नये.