टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचने वॉटर कूलिंग धुवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘पीसीचं वॉटर कूलिंग घरच्या घरी पन्नास रुपयांत नव्यासारखं करा’ असा सहा मुद्द्यांचा मेसेज ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपांवर फिरतोय. वॉटर कूलिंग म्हणजे पंपाने पाणी फिरवून कॉम्प्युटरच्या चिप थंड ठेवायची सोय, आणि ते पाणी फिरतं तो बंद मार्ग म्हणजे लूप. काल तो कोपरखैरण्याच्या माझ्या भाच्याकडे पोचला आणि त्याचा प्रश्न आला, ‘मामा, ब्लीच किती झाकणं घेऊ?’ म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा जसाच्या तसा: ‘अर्धा कप टॉयलेट क्लीनर, दोन झाकणं ब्लीच, वर कोमट पाणी. लूपमध्ये भरून अर्धा तास पंप चालवा.’

हे कोणीही करू नका. आपल्याकडच्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. फ्लॅटमधल्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये, रिझर्व्हॉयरच्या, म्हणजे लूपच्या टाकीच्या, उघड्या तोंडावर वाकून हे ओतणाऱ्याच्या तो थेट नाकात आणि डोळ्यांत जातो. ब्लीचबरोबर मिसळू नका ही सूचना बाटलीच्या मागे छापलेली असते, ती तरी वाचायची! कोणी आधीच मिसळलं असेल तर ते निस्तरायला तिथे थांबू नका. बाहेर मोकळ्या हवेत या, आणि खोकला किंवा दम थांबत नसेल तर डॉक्टर गाठा.

ब्लीच वगळलं तरी नुसतं आम्लही चालत नाही. ब्लॉक म्हणजे चिपवर बसणारा, आतल्या खाचांतून पाणी जाणारा तांब्याचा ठोकळा. त्यावरचा निकेलचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून आम्ल खालच्या तांब्यापर्यंत पोचतं. आधी चकाकी जाते, मग मुलामा उडालेल्या ताटलीसारखे गुलाबी डाग दिसतात, आणि शेवटी निकेलचे पापुद्रे सुटून ब्लॉकच्या अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद खाचांत अडकतात. प्रवाह मंदावतो, तापमान चढतं. लूपमध्ये कुठे ॲल्युमिनियम असेल तर आम्लाने त्यातून हायड्रोजन सुटतो, तोही बंद नळ्यांमध्ये.

इंग्लंडच्या मेहेम्स कंपनीचा ब्लिट्झ हा किट खास याच कामासाठी विकला जातो. त्याचा पहिला भाग फॉस्फोरिक आम्लाचा आहे आणि कंपनी स्वतः सांगते की तो फक्त रेडिएटरसाठी (पाणी हवेने गार करणाऱ्या जाळीसाठी), ब्लॉकला लावायचा नाही. सगळ्या लूपमधून फिरवायचा भाग वेगळा आहे. जे आम्ल विकतात तेच ब्लॉकपासून लांब ठेवा म्हणतात, तिथे संडास धुवायच्या बाटलीचा विषयच संपतो.

‘व्हिनेगरने धुवा’ हा मेसेजमधला मुद्दा अर्धा खरा आहे, हे मान्य करावं लागेल. पण फक्त तांब्या-पितळेच्या रेडिएटरपुरता, तोही लूपमधून काढून. एआयओचे, म्हणजे कारखान्यातूनच पाणी भरून बंद होऊन येणाऱ्या तयार कूलरचे, रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, त्यांना नाही. साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, रेडिएटर दोन-तृतीयांश भरा, तोंडं बंद करून मिनिट-दोन मिनिटं हलवा आणि पंधरा-वीस मिनिटांत ओतून टाका. रात्रभर ठेवू नका. ओतताना खाली पांढरं फडकं धरा, सोल्डरिंगचा काळा-तपकिरी कचरा त्यावर दिसतो. पाण्याने खळखळून धुतल्यावर लिटरला एक चमचा खाण्याचा सोडा घातलेलं पाणी एकदा फिरवा. व्हिनेगर आणि सोडा एकत्र घालून तोंडं बंद केलीत तर वायूचा दाब तयार होतो, म्हणून मधलं धुणं चुकवू नका. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा, फडकं कोरं राहीपर्यंत.

निकेलचा ब्लॉक उघडायचा, ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) कशी बसली होती त्याचा फोटो काढायचा, आणि कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब व मऊ टूथब्रश एवढ्यावरच साफ करायचा. खाचांच्या दिशेने घासा, आडवं नको. आतला पांढरट चिकट थर म्हणजे बहुतेक वेळा मऊ पीव्हीसी नळीतून सुटलेलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे नळी मऊ ठेवणारं रसायन. तो परत परत येत असेल तर नळी बदला. देव घासायची पितांबरी भांड्यांना ठीक, इथे नको: पावडरचे कण खाचांत बसतात. ओ-रिंगला व्हॅसलिनही नको, ईपीडीएम रबर त्याने फुगतं. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं की पुरे.

‘ॲक्रिलिक सॅनिटायझरने चमकवा’ हा मुद्दा दिसायला साधा आहे, पण महागात पडेल. ॲक्रिलिक म्हणजे ब्लॉक-रिझर्व्हॉयरचं पारदर्शक प्लॅस्टिक. स्क्रूच्या भोकांभोवती आणि आट्यांजवळ ॲक्रिलिकमध्ये ताण साठलेला असतो. अल्कोहोल लागलं की तिथे केसासारख्या चिरा पडतात, आणि गळती कधी आठवड्यांनी सुरू होते. खाली हजारोंचं ग्राफिक्स कार्ड असतं. साबणपाणी वापरा.

‘मोरबे धरणाचं पाणी मऊ, नळाचंच भरा.’ नवी मुंबईला येणारं हे धरणाचं पाणी बोअरवेलपेक्षा मऊ, हे खरं. पण त्यातही क्षार आणि क्लोरीन असतंच. ठाण्यात घोडबंदर रोडवर तर कित्येक सोसायट्यांत टँकर येतो, त्यात काय येईल याचा भरवसा नाही. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचा कॅन मिळतो. मागताना ‘बॅटरीचं पाणी’ म्हणा आणि लेबल वाचा, कारण शेजारीच ॲसिडचे कॅन असतात. नुसत्या पाण्याने शेवाळ आणि गंज थांबत नाही, बायोसाइड आणि इन्हिबिटर घाला.

‘दरवर्षी एआयओ उघडून भरा.’ नको. बहुतेकांना भरायचं तोंडच नसतं आणि वॉरंटी जाते. रेडिएटरची धूळ ब्लोअरने काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून.

‘पावसाळ्यात ब्लॉकला घाम येतो.’ चालू मशीनमध्ये येत नाही. खोलीच्या हवेने थंड होणारं पाणी त्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही.

पुन्हा जोडल्यावर मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डचे पॉवर प्लग काढून ठेवा, एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) जंपर, म्हणजे मदरबोर्डशिवाय तो चालू करणारा छोटा प्लग, लावा आणि फक्त पंप चालवा. रिझर्व्हॉयर रिकामं होतंय असं दिसताच बंद करा, कारण डी५ आणि डीडीसी या नेहमीच्या पंपांचं बेअरिंग पाण्यावरच चालतं. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू ठेवून २४ तास बघा.

ज्यांनी ब्लीचशिवाय नुसतं टॉयलेट क्लीनर आधीच ओतलंय, त्यांनी आजच लूप रिकामा करा, पंप आणि नळ्यांसकट डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवा आणि ब्लॉक उघडून बघा. निकेलवर गुलाबी डाग दिसला तर तो ब्लॉक परत लावू नका.