त्याला वर्गापुढे उभं करू नका

परवा भाचीचा फोन आला. ती पुण्यात पाचवीला शिकवते. तिच्या वर्गात मणिपूरचा एक मुलगा आहे. 2023 च्या मे महिन्यात तिथल्या हिंसाचारात घर जळालं, मग छावणी, मग इकडे काकांकडे. "मामा, शुक्रवारी त्याला त्याची गोष्ट वर्गापुढे सांगायला लावणार आहे," म्हणाली. हे कुठून सुचलं, तर 'संघर्षग्रस्त मुलांना कणखर बनवण्याचे चार मंत्र' या मेसेजमधून. शिक्षकांच्या ग्रुपवर तो धो धो फिरतोय.

पहिला मंत्र: 'जे पाहिलं ते सर्वांसमोर बोलायला लावा, साचलेलं बाहेर पडेल.' अहो, मन म्हणजे तुंबलेली मोरी आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. संकटात मदतीला धावणाऱ्या साध्या माणसांसाठी आहे ती. त्यात स्वच्छ म्हटलंय: ऐका, पण बोलायची बळजबरी करू नका. आघातानंतर लगेच माणसाला बसवून सगळं वदवून घ्यायची पद्धत एके काळी जोरात होती. तीही वापरू नका, असं हीच संघटना सांगते. तिथे निदान शिकलेला माणूस तरी समोर असायचा. इथे चाळीस पोरं आणि मधल्या सुट्टीआधीचा तास! सुट्टीत कुणीतरी डबा खाता खाता विचारणारच, "घर कसं जळलं रे, परत सांग ना." जगात एका जागी हा पोरगा नुसता हजेरीतला एक नंबर आहे. तिथेही त्याला 'जळक्या घरातला' करून टाकायचं?

दुसरा मंत्र: 'आधी मन बरं होऊ द्या, वर्षभर शाळा नको.' पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये 1991 ते 2002 यादवी चालली. हातात बंदुका दिलेल्या तिथल्या मुलांचा संशोधक थेरेसा बेटनकोर्ट यांनी 2002 पासून वर्षानुवर्षं माग ठेवला. गावाने ज्यांना आपलं म्हटलं, त्यांचं नैराश्य कमी झालं, आत्मविश्वास वाढला. जी शाळेत टिकली, त्यांच्यात इतरांशी मिळून-मिसळून, मदतीने वागण्याची वृत्ती जास्त दिसली. म्हणजे बरं झाल्यावर शाळा नव्हे. सावरण्यातच शाळेचा वाटा आहे.

तिसरा: 'दुःख भोगलेली मुलं आपोआप कणखर होतात.' यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. बरीच मुलं सावरतात. पण 'आपोआप' कुठलं? घरातलं एक भरवशाचं माणूस, एखादा मित्र, रोज ठरल्या वेळी होणारी घंटा, हे सगळं कुणीतरी टिकवलेलं असतं म्हणून. आणि काही मुलं नाही सावरत. त्यांना तज्ज्ञाकडेच न्यावं लागतं.

चौथा मंत्र भिजवलेल्या बदामांचा आहे. द्या बापडे.

शुक्रवारचा कार्यक्रम रद्द झालाय. धावपळीत पोराचे अपूर्णांक राहून गेलेत, म्हणून भाचीने त्याला गणिताच्या तासाला शेजारी एक हुशार, बडबडी मुलगी दिलीय. ती मात्र त्याला बोलायला लावतेय म्हणे, छेद समान करताना.