सव्वाचारला बुडणारा सूर्य आणि आपली ३९ मिनिटं

डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदरावर चारच्या पुढे मासळीचा लिलाव रंगात येतो. सुरमई-पापलेटचे वाटे, बर्फाच्या गाड्या, आरडाओरडा. सूर्य बुडायला सहा वाजून जातात. आपल्याच देशात, आपल्याच घड्याळात, अरुणाचलच्या अंजाव जिल्ह्यातल्या डोंग गावी मात्र सव्वाचारला सूर्य गेलेला असतो. लोहितच्या खोऱ्यातलं हे चिमुकलं गाव. देशात पहिला सूर्य तिथे दिसतो म्हणून एक जानेवारीला पर्यटक गर्दी करतात. दुपारी चारनंतर तिथले लोक काय करतात, हे कुणी विचारत नाही.

माझा भाचा त्या बाजूला नोकरीला आहे. हिवाळ्यात आमच्याकडे तुळशीपुढे दिवा लागतो, तेव्हा त्याचा फोन येतो, "मामा, जेवण आटपलं, आता झोपतो."

कारण साधं आहे. हर्णै ७३ रेखांशाच्या जवळ, डोंग ९७च्या. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे दोन्हीकडच्या सूर्यात दीड तासाहून जास्त फरक. साऱ्या देशाचं घड्याळ लावलंय उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांवर. तिथून आपण पश्चिमेला, म्हणून आपल्याला संध्याकाळ लांब मिळते. जूनमध्ये डोंगला पहाटे चारच्या सुमारास फटफटीत उजाडलेलं असतं आणि कचेरी उघडणार दहाला. २०१७ साली अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी हेच गाऱ्हाणं मांडून वेगळी वेळ मागितली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येला एक तास पुढची वेळ द्यावी, असं सुचवलं. आसामचे चहामळे तर कधीपासून 'बागान टाइम' पाळतात, एक तास पुढे.

या विषयावर आपल्याकडचे लोक लगेच "एक देश, एक वेळ" म्हणतात. मला हे कोकणातल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. १९०६ला नवी प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या घड्याळाच्या ३९ मिनिटं पुढे. त्या जानेवारीत मुंबईत हजारो गिरणी कामगारांनी त्यावरून गोंधळ घातला. पहाटेची झोप कापली जाणार होती ना! त्या काळी गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं किती होती, हे आपल्याला सांगायला नको. आणि मुंबईने आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नाही. स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, तरी ३९ मिनिटं होती तिथेच. देश काही तुटला नाही.

बरं, आजही आपण सगळे कुठे एका घड्याळावर चालतो? खाडीकाठच्या म्हाताऱ्याला भरती कधी विचारा. तो तिथी विचारेल, तिला पाऊणने गुणेल. दशमी असली तर साडेसात. ढोबळ असतं, पण होडी काढायला पुरतं. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे खाडीत शिरायची-निघायची वेळही सरकते. आंबेवाल्याचं वेगळंच, त्याला ऊन कडक व्हायच्या आत आंबा उतरवायचा असतो. घड्याळ लागतं ते शाळेला, बँकेला आणि एसटीला. (एसटीलाही लागतं की नाही, यावर वाद होऊ शकतो.)

डोंगसारख्या गावातही शेतकरी उजेडाबरोबर उठतोच, त्याला मंत्रालय अडवत नाही. अडतो तो दाखला काढायला आलेला माणूस. पहाटेपासून उजेड आहे, पण टेबलामागची खुर्ची दहापर्यंत रिकामी. नि कामं संपवून परतेपर्यंत डोंगररस्त्यावर काळोख.

देशात दोन प्रमाणवेळा केल्या तर रेल्वेचा घोळ होईल, अपघात होतील, हा आक्षेप गंभीर आहे. गुवाहाटीकडच्या एकेरी मार्गांवर सिग्नल-नोंदी काटेकोर लागतील, हे मान्य. पण दर पावसाळ्यात आपली कोकण रेल्वे आख्खं वेळापत्रक बदलते, गाड्या हळू चालवते, चाकरमानी नवीन वेळा पाठ करून गणपतीला घरी पोचतात. आणि तरीही घड्याळाला हात लावायचा नसेल, तर निदान तिथल्या शाळा-कचेऱ्या सात वाजता उघडा. त्याला दिल्लीत ठराव लागत नाही.